रेणूचा ढिला हात

हॅलो? … हो ताई, मीच. हळू बोलतेय, विद्यापीठात आहे… माझ्या धाकट्या लेकीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. प्रश्न संपले, आता परीक्षकांनी सगळ्यांना बाहेर काढलंय… ती? जिन्यापाशी पाणी पितेय.

कसली म्हणजे, चुंबकाची… नाही गं, फ्रिजवर चिकटवतो तसलं नाही. एक रेणू, एक चुंबक. त्यात माहिती साठवायची म्हणे, पण ते आपली दिशा विसरतं… हो, विसरतं. भयंकर गार ठेवलं तर जरा धरून बसतं. रेणू थरथरतो ना…

अगं ऐक ना. माझ्याकडे शिलाई मशीन दुरुस्तीला येतं, खडखडतंय म्हणून. सगळ्या वेगांना खडखडतं? एका ठराविक वेगालाच. मग मी काय अख्खं मशीन उघडते?… हां, त्या वेगाला वाजणारा ढिला स्क्रू तेवढा शोधते. तस्संच. रेणू हजार तऱ्हांनी थरथरतो, त्यातली घात करणारी एकच. हिने शोधली. रेणूचा एक हात ढिला. तो आवळला, तर चुंबक कितीतरी जास्त टिकलं… पान्याने कसा आवळेल, ताई. ताठ हाताचा नवा रेणू घडवला.

नाही, घोर वेगळाच आहे… सांगते. दोन वर्षांपूर्वी हिचाच लेख छापून आला होता. त्यात उलटं होतं, थरथरीचा काही संबंध नाही म्हणून. मोठ्या परीक्षकांनी नेमका तोच काढला. म्हणाले, तेव्हाचं खरं, की आत्ताचं?… मी? खुर्ची धरून बसले. गाईड सरांनी आधीच सांगितलेलं, विषय निघाला तर गोलमोल बोल… हो ना. आणि ही म्हणाली, तेव्हा माझं चुकलं. मोजायला मी कमी पडले. भरल्या खोलीत…

भोळी? … नाही ताई, भोळी नाही. अडवतील तर अडवू देत, आणखी सहा महिने करेल. माझ्या हाताखालून इतके कारागीर गेले, आपली चूक अशी कबूल करणारा एक नाही भेटला…

थांब. दार उघडलं… बोलावतायत. चल, मीही… नाही, ठेवू नकोस… हसतायत गं. झाली. झाली, ताई… मोठे परीक्षक हात पुढे करून उभे आहेत… नाही, हिने अजून हात नाही मिळवला. काहीतरी विचारतेय… अगं, विचारतेय, त्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापायला कुणाला लिहू…

हो. आत्ता, या घडीला… आहेच तशी.

ठेवते. सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मी मेली फोन धरून उभी.