पोळलेला तळहात

माझ्या स्मरणशक्तीवर माझा फार भरवसा होता. तो अक्काने घालवला.

स्वराज्य मिळण्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. हिवाळ्यात आमच्या अमळनेरच्या शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरिताचा बेत व्हायचा. वांगी जाळात पडली की माझी गोष्ट सुरू. पाच वर्षांचा असताना मी जाळातलं वांगं उचललं, तळहात पोळला, आईने तूप लावलं, मग आबांच्या खांद्यावर रडत रडत झोपलो. माझे थोरले भाऊ नाना शेजारी बसून दरवर्षी मन लावून ऐकायचे.

त्या वर्षी आमची सगळ्यांत मोठी बहीण अक्का म्हणाली, "दखाड बरं तो हात."

मी दाखवला. तळहात स्वच्छ.

"नाना, आते तू दखाड."

नानांनी मूठ उघडली. मधोमध जुना पांढरा डाग होता.

मी नानांना विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

नाना वांगं सोलत शांतपणे म्हणाले, "तू इतलं चांगलं सांगस, मालेबी वाटे हात तुनाच जळना."

खरं सांगतो, ते ऐकतानाही चुरचुरत होता तो माझाच हात.