घरात एकच नाव

सन्माननीय अध्यक्ष हिम्मतरावसाहेब, मंडळाचे चिटणीस लक्ष्मणराव, आजच्या सत्कारमूर्ती चतुराबाई, आणि समोर बसलेल्या सगळ्या मंडळींना विजयचा नमस्कार.

मी सातवीपर्यंत शिकलो. उदगीरहून हैदराबादेत आलो, सुलतान बाजारात नोकरीची तीन दुकानं बदलली. जेवायची जागा मात्र बदलली नाही. कोठी चौकाच्या मागं चतुराबाईंची खानावळ. ती परवा बंद झाली. बाई उद्या बिदरला, चुलतभावाकडे निघाल्या. खानावळीतल्या पोरांतर्फे मी बोलावं असं ठरलं.

नव्वदनंतर देशाचा बाजार खुला झाला तेव्हा इथल्या आपल्या मराठी लोकांनी बँक काढली. हिम्मतरावसाहेब चेअरमन. व्याज सगळ्यांपेक्षा चढं. एवढं कुठून देतात, असं कुणी विचारलं? का विचारावं? बँक बुडाली तर विमा एका नावाला एक लाखापर्यंत भरून देतो. मग घरात जितकी नावं, तितक्या ठेवीच्या पावत्या. लक्ष्मणरावांनी तर पावतीसाठी नातीचं बारसं आधीच उरकून घेतलं. हसा, ते पण हसतायत.

बँकेच्या वार्षिक सभेत बाई एकदाच उठल्या. "साहेब, कर्ज कुणाला देता?"

लक्ष्मणराव म्हणाले, "बसा हो बाई, विमा आहे ना."

बाई "हौ" म्हणून बसल्या. मग चिवडा वाटला. चिवडा चांगला होता.

कर्जं दोन-चार बिल्डरांकडे गेली होती. बँक बसली. पावत्या वाटून ठेवलेल्यांचे पैसे विम्यातून परत आले. बाईंच्या घरात नाव एकच, त्यांचं. खानावळीची जागा विकत घ्यायला जन्मभर साठवलेलं सगळं त्या एका नावावर. एक लाख मिळाले, बाकीचे गेले. मालकानं जागा दुसऱ्याला विकली.

मला राग पण येत नाही आता. परवा भांडी पोत्यात भरली, तेव्हाही काही वाटलं नाही.

शाल अध्यक्षांच्या हातून द्यायची आहे. सकाळी बाईंना विचारलं, "घेणार का?" म्हणाल्या, "घेते की. त्या दिवशीचं उत्तर तेवढं राहिलंय. देताना सांगितलं तर ऐकते."

आपण वेळ काढून आलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर घरचा पोरगा समजून पोटात घाला.

साहेब, या. हळू सांगितलंत तरी चालेल. माइक मी बंद करतो.