गायींच्या मागे उभं राहू नये

मी : आई, तू कुणाला नापास केल्यावर कधी रडली आहेस का?

आई : हा काय प्रश्न झाला?

मी : माझा नाहीये. वर्गातल्या जाडी आणि टिटवीनं पैज लावलीये. म्हणाल्या, तुझ्या आईला हे विचारून दाखव, मग तुला मानलं.

बाबा : मीसुद्धा मानलं. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, माझी नाही हिंमत झाली.

आई : तुम्ही मुकाट्यानं काजं करा. उद्या न्यायला येणारेत ना तो कोट? आणि तू, ती फाईल खाली ठेव. कॉलेजची आहे.

मी : माहितीये कुणाची आहे. सॉरी सरांची.

बाबा : हे कोण आता?

मी : अहो बाबा, आईच्या कॉलेजातून आमच्या वर्गावर शिकवायला येतात ना, ते! शिक्षक व्हायला शिकतायत अजून. बाकाला पाय लागला तरी बाकाला सॉरी म्हणतात. कालची आमची पाणीपुरवठा केंद्राची क्षेत्रभेट त्यांचीच होती.

आई : आणि मी परीक्षक होते. म्हणून या विषयावर घरात बोलायचं नाही.

मी : तू त्यांना नापास करणारेस.

आई : मी असं म्हटलं का?

मी : तू सकाळपासून तीनदा चहा केलास आणि तिन्ही वेळा गार केलास.

बाबा : पोरगी वकील होणार.

आई : बरं, मग ऐकच. मी पोचले तेव्हा काय बघितलं? तीस मुलं अंगणात पालथी पडलेली. गणवेशांची पार वाट लागलेली. आणि सर कुठे? तेही पालथे! वर्गनियंत्रण शून्य. दुसरं काय लिहू?

मी : अगं, आम्ही ऐकत होतो!

आई : काय? गवत?

मी : पाइप! जमिनीखालचा. तिथे एक काका आहेत, ते गळती शोधतात. कशी माहितीये? एक लांब लोखंडी सळई असते. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाशी. चांगला पाइप घुमतो आणि गळका फुसफुसतो. काकांनी सळई पहिल्यांदा कुणाच्या हातात दिली, विचार.

बाबा : कुणाच्या?

मी : माझ्या! कारण प्रश्न मी विचारला होता. मी, बाबा! तोंडी परीक्षेला नकाशांच्या कपाटामागे लपायची ती मी! मग मी अख्ख्या वर्गाला शिकवलं कसं ऐकायचं ते. सळई एकच होती, म्हणून बाकीचे जमिनीलाच कान लावून बसले. टिटवीसुद्धा गप्प होती. टिटवी!

आई : हे त्याच्या पाठाच्या टाचणात कुठेच नव्हतं. टाचणात होतं, 'प्रश्नोत्तरे, दहा मिनिटे. आश्चर्य व्यक्त करणे, दोन मिनिटे.'

बाबा : दोनच? माझ्या गिऱ्हाइकांना बिल बघून जास्त लागतात.

मी : कारण टाचण बाजूला ठेवलं होतं ना! त्या गायींमुळे…

आई : हं. बोल.

मी : काही नाही.

बाबा : आता गायी कुठून आल्या?

आई : सूचना क्रमांक चार. 'गायींच्या मागे उभं राहू नये.' पाणीपुरवठा केंद्रात. मागच्या तुकडीतल्या कुणाचं तरी दुग्धशाळेचं टाचण उतरवलं, वरचं ठिकाण बदललं आणि आतल्या गायी तशाच राहिल्या.

मी : तुला माहीत होतं?

आई : त्यानंच लिहून दिलंय. आत्मपरीक्षणाच्या पानावर. 'पूर्वभेट : केली नाही. टाचण : माझे नाही.' बारा वर्षं मी ही पानं वाचतेय. सगळे लिहितात, 'पूर्वभेट : केली.' कुणी केलेली असते, कुणी नसते. 'केली नाही' असं लिहिणारा हा पहिलाच.

मी : मग झालंच की! आम्हालाही तेच सांगितलं त्यांनी. टाचण मोठ्यानं वाचत होते, गायी आल्या आणि आम्ही खो खो हसलो. त्यांचे कान लालबुंद. मला वाटलं, आता ओरडणार. तर कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "हा कागद चुकीचा आहे. मी इथे आधी आलेलो नाही, तुमच्याइतकाच नवा आहे. आजचे प्रश्न तुमचे, आणि उत्तरं इथं काम करणाऱ्या माणसांची." आई, आजवर कुठल्या शिक्षकांनी आम्हाला सांगितलंय, की मला माहीत नाही?

बाबा : आमच्या धंद्यात त्याला कबुली म्हणतात. पण माप न घेता कापड कापलं ते कापलंच, बाई.

मी : बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

बाबा : कोटाच्या.

आई : बाबा बरोबर बोलले. तिथे उघड्या टाक्या आहेत. एका टाकीचा कठडा तुझ्या गुडघ्याएवढा आहे. आधी जाऊन बघायचं ते त्यासाठी, नुसतं फाईल भरायला नव्हे. तो गेला नव्हता आणि तीस मुलं घेऊन आत शिरला. एखादं पडलं असतं तर? मी त्याला पास करायचं, आणि पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच्या वर्गाची मुलं न्यायची, पुन्हा न बघता?



मी : त्या कठड्यावर जाडी बसली होती. फोटोसाठी.

आई : बघ.

मी : पण त्यांनीच तिला उठवलं. कागद खिशात गेल्यावर ते सारखे आम्हाला मोजत होते. आधी नुसतं वाचत होते, मान खाली घालून. आई, नापास झाले तर काय होईल?

आई : त्याची ही दुसरी वेळ आहे. तिसरी संधी मिळत नाही.

मी : म्हणजे सॉरी सर कधीच…

आई : उद्या अकराला बैठक आहे. सगळे मिळून ठरवतील. मी एकटी नाही ठरवत.

मी : आणि तो पैजेचा प्रश्न राहिला.

आई : एकदा रडलेय. कॉलेजच्या जिन्यात. पाणी पी आणि झोपायच्या आधी गणितं संपव.

मी : थांब. शाळेत तुमच्या कॉलेजचं सूचनापत्रक वाटलं होतं. सगळ्यांनी त्याची विमानं केली, मी वाचलं. शेवटचा मुद्दा, 'वर्गातील एका विद्यार्थ्यास गुणांच्या बैठकीत मत मांडता येईल.' खरं आहे का?

आई : खरं आहे. पण आजवर कुणी आलेलं नाही. समोर पाच प्राध्यापक असतात आणि ते फाडून खातात. मी तर तोंडही उघडणार नाही, तू माझी मुलगी आहेस म्हणून. आणि पहिला प्रश्न गायींचाच येईल. तेव्हा त्याला वाचवायला खोटं बोललीस, तर मीच तुला उठवून बाहेर काढेन.

बाबा : अगं, पोरीला घाबरवतेस कशाला?

आई : घाबरवत नाहीये. जे असेल ते सांगतेय.

मी : बाबा, ती सुई जरा ठेवा. आई, तूपण बघ इकडे. मी ठरवलंय. उद्या शाळेतून परवानगी काढून मी बैठकीला येणार. सर आधी बघायला गेले नव्हते आणि ते चुकलं, हे मी सगळ्यात पहिल्यांदा सांगणार. जाडी कठड्यावर बसली होती, तेही. आणि मग, त्यांनी कागद खिशात घातल्यावर मला काय काय ऐकू आलं, ते सांगणार.