निबंधाखालची ओळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती बाई, माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

मी वाणिज्य शाखेचा माणूस, मोजकेच बोलेन. बाईंचे मानपत्र वाचण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी वाचणार नाही. चौकटीत बसवून आल्यावर लक्षात आले, की गेल्या वर्षी क्रीडाशिक्षकांना दिलेलेच ते आहे. नाव तेवढे बदलले. ‘आपल्या शिट्टीने मैदान दणाणून गेले’ हे वाक्य तसेच राहिले. हसू नका. भाषेच्या बाईंची शिट्टी आपल्यापैकी कोणी ऐकली आहे?

बाईंचा आग्रह एकच. निबंध असो वा प्रकल्प, खाली एक ओळ हवी : यात माझे काय, दुसऱ्याचे काय. एका मुलीने लिहिले, ‘निबंध बाबांचा, अक्षर माझे.’ बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आता तुझा लिही. वाकडातिकडा चालेल.” तिने लिहिला. वाकडाच होता, पण तिचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबा हजर! “बाई, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?”

“मग शाळेतल्या गोष्टी तुम्ही घरात कशाला लिहिता?”

उत्तर बिनतोड होते. पण तक्रारी वाढल्या, आणि शाळेने ती ओळ बंद केली. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती मागितली. आपण ती तत्परतेने मंजूर केली. का जाता, एवढे तरी विचारायला नको होते का? बाईंच्या धाकाने मुले उचलेगिरी करायला बिचकत. आपण मोठी माणसे मात्र किती निर्ढावलो, ते त्या चौकटीत काचेखाली आहे.

आज सकाळी मी बाईंना ते मानपत्र दाखवून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या हो, सर. खाली फक्त ओळ घाला.”

अध्यक्ष महोदय, ती ओळ वर्गात परत आणावी, ही माझी विनंती. आपण ती मान्य केलीत, तरी ती ओळ वाचायला बाई वर्गात नसतील, ही रुखरुख राहणारच.

आता माझी ओळ. शिट्टीवरचा विनोद आमच्या सौभाग्यवतींचा. निबंधाचा किस्सा त्या विद्यार्थिनीचा, तिच्या परवानगीने. आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल आभार माझे. आणि बोलण्यात काही चुकले असेल, तर पदरात घ्यावे. ते कोणाचेही पाहून केलेले नाही.