डबीचे तीन खटके

मुलगी : ...आणि विचारलं तर म्हणता, गाडीच पळाली! गाडी म्हणजे काय घोडा आहे, बाबा?

बाबा : घोडा बरा. त्याला निदान माझं मन कळलं असतं. ही तुझी डबी स्टिअरिंगखाली बसून मला अक्कल शिकवते. अगं, जन्मभर दुधाचा टँकर चालवलाय मी. अर्धा भरलेला टँकर! ब्रेक मारला की आतलं दूध मागून ढकलतं. ते ओळखून आधीच पाय उचलायचा असतो. तेव्हा कुठली डबी होती?

मुलगी : टँकरपुराण नको आता. दादा, तुम्हीच सांगा. डबी तुम्ही बसवलीत, आणि तेव्हापासून रोज माझ्या फोनवर ठणाणा.

मेकॅनिक : ताई, डबीत दोष नाही. मी काल तपासली. पाटीवर साठ असले की ती साठला अडवते. पण कधी कुणाच्या पुढे निघायचं असतं, म्हणून पाय जोरात दाबला की सोडते. आणि सोडलं की तुम्हाला मेसेज जातो. तुम्हीच तसं लावून घेतलंत.

मुलगी : ते मला घाबरून हळू चालवतील म्हणून.

बाबा : घाबरून! ऐकलंस का रे? मी, हिला घाबरून!

मुलगी : दात बघताना माझे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असतात. फोन किंचाळतो. हातमोजे ओढून काढते, यांना फोन लावते आणि ओरडते. परवा खुर्चीतल्या आजोबांना वाटलं, त्यांच्यावरच ओरडतेय. बिचाऱ्यांनी तोंड आणखी मोठं उघडलं.

मेकॅनिक : दात निघाला का मग?

मुलगी : निघाला. कळलंसुद्धा नाही म्हणाले. हसू नका हो! मी आज ठरवून आलेय. एक तर डबी पक्की करा, नाहीतर गाडीची चावी माझ्या पर्समध्ये. बाबांना कुठे जायचं असेल तर मी टॅक्सी पाठवीन.

बाबा : चावी कशाला, पायच ने ना काढून. घरात बसून करू काय? भिंतींशी गप्पा मारू?

मेकॅनिक : भांडू नका. डबीला तीन खटके आहेत. आत्ता मधला लावलाय. तिसरा कडक. तो लावला की पाय कितीही दाबा, साठ म्हणजे साठ. मेसेजचा प्रश्नच नाही, कारण वर जाताच येत नाही.

मुलगी : तोच लावा.

बाबा : अजिबात नाही! ट्रकच्या पुढे निघायचंय आणि मध्येच डबीनं पाय धरला तर? कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यालाच चालवणं म्हणतात. नाहीतर मला डिकीत घाला आणि डबीला बसवा पुढे.

मुलगी : आई शेजारी असताना बऱ्या दिसायच्या पाट्या!

बाबा : ती वाचून दाखवायची ना. मोठ्यांदा. साठ, पुढे वळण, चपलांचा सेल. एक पाटी सोडायची नाही.

मेकॅनिक : मग काका, पहिला खटका घ्या. ताई, रागावू नका, पण तोही सांगायला हवा. त्यात डबी नुसती टिकटिक करते. अडवत नाही, मेसेज पाठवत नाही. तुम्ही आणि तुमचा रस्ता. पूर्ण मोकळीक.

बाबा : मेसेज नाही?

मेकॅनिक : नाही.

बाबा : म्हणजे हिला काही कळणारच नाही?

मेकॅनिक : कसं कळेल?

बाबा : मग नको.

मुलगी : काय नको?

बाबा : तो नको. आहे तो मधला बरा आहे.

मुलगी : आत्ता तर ज्याचं त्यानं ठरवायचं म्हणून भाषण झालं!

बाबा : भाषण बरोबरच होतं. पण मधला राहू दे.

मेकॅनिक : काका, कालचं सांगू का?

बाबा : तू गप. पाने आवर तुझे.

मुलगी : कालचं काय? बोला हो तुम्ही.

मेकॅनिक : डबी तपासायला काकांबरोबर फेरी मारली. सगळं शहर असं हळू पार केलं की काय सांगू. एक सायकलवाली बाई घंटी वाजवून पुढे गेली. मग वखारीमागचा रस्ता लागला. मोकळा, चिटपाखरू नाही. तिथे काकांनी पाय दाबला. साठचे एकसष्ट झाले. बासष्ट नाही. डबीनं सोडलं, आणि काकांनी लगेच गाडी कडेला घेतली. इंजिन बंद. चष्मा लावला, फोन हातात घेऊन बसले. फोन वाजायच्या आधी, ताई.

बाबा : चालत्या गाडीत फोन घेऊ नये. नियम आहे.

मुलगी : बाबा...

बाबा : काय बाबा? एरवी तू रविवारी फोन करतेस. जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. मेसेज गेला की कशी तावातावानं बोलतेस! कुठे चाललाय, कशाला चाललाय, बरोबर कोण आहे, सगळं विचारतेस. घरात आता मला रागवणारं कोणी नाही गं.

मुलगी : आणि मला इकडे डोळ्यांसमोर उलटलेली गाडी दिसते, त्याचं काय?

बाबा : उलटलेली? एकसष्टला?

मुलगी : मला काय ठाऊक एकसष्ट! नुसतं येतं, 'वेगमर्यादा ओलांडली'. मला वाटायचं, शंभरावर असाल.

बाबा : आकडा येत नाही?

मुलगी : नाही.

बाबा : मला वाटलं, येतो. म्हटलं, एकानं काय होतंय. बघेल, हसेल आणि रागावेल.

मुलगी : हसेल! एकदा दवाखाना बंद करून निम्म्या वाटेवर आले होते मी.

बाबा : बोलली नाहीस.

मुलगी : फोनवर तुम्ही इतके खुशीत होता, की आणखीच राग आला. परत गेले.

मेकॅनिक : मी जरा पलीकडचं चाक बघतो.

मुलगी : थांबा. बाबा, तिसरा लावायचा का? मी विचारतेय. सांगत नाहीये.

बाबा : आणि फोन?

मुलगी : करीन. दुपारी खुर्ची रिकामी असते.

बाबा : मी काहीच केलेलं नसताना?

मुलगी : तुम्ही काहीच केलं नाही असा दिवस अजून उगवायचाय.

बाबा : तेही खरं. लाव रे, कडक लाव. पण ध्यानात ठेव, मी सांगितलं म्हणून लावलास. डबीनं सांगितलं म्हणून नाही.

मेकॅनिक : हे घ्या, लागला. आता यम मागे लागला तरी साठ.

बाबा : तो रेड्यावर येतो. साठ पुष्कळ झाले.

(मेकॅनिक हसत डबीचं झाकण बसवतो आणि हात धुवायला जातो.)

बाबा : ऐक ना. तिचा तो निळा स्वेटर मी मशीनमध्ये टाकला. गरम पाणी होतं. एवढासा झालाय. बाहुलीला होईल.

मुलगी : आईचा?

बाबा : हं.

मुलगी : कशाला टाकलात?

बाबा : नुसता पडून होता. म्हटलं, धुऊन ठेवू.

मुलगी : हे आत्ता नको, बाबा. उद्या फोनवर सांगा. नीट रागवायला वेळ लागेल.