खरी गोळी कोणाची

पाणी चालतं हो, नुसतं पाणी — चहा नाही, बिस्किट नाही, आणि पर्समधलं ते चॉकलेट तर अजिबात नाही, मी पाहिलंय — यकृताची तपासणी उपाशीपोटीच असते. पहिलीच वेळ ना? घाबरू नका, ताई. बरगड्यांवर एक दांडी टेकवतात, दहादा टकटक होतं आणि मशीन आकडा सांगतं — आकडा मोठा म्हणजे यकृत कडक, लहान म्हणजे मऊ. संपलं. माझं झालंय, आमचे हे आत गेलेत. हो, दोघांनाही तेच — यकृतावर चरबी. एकतीस वर्षं एकाच कढईतलं खाल्लं, वेगळं काय होणार?

आणि हे संशोधन कसं आहे, सांगितलं का तुम्हाला? अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या — दिसायला अगदी सारख्या, बाटलीवर फक्त नंबर. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नसतं. मला मात्र पहिल्याच महिन्यात कळलं. कसं म्हणजे? माझे तळहात खाजायला लागले — आणि सही करायच्या त्या कागदांत, सातव्या पानावर, बारीक अक्षरात लिहिलंय, औषधाने खाज येऊ शकते. मी चष्मा लावून सगळं वाचते. ह्यांना? काही नाही. ढिम्म. म्हणजे खरी गोळी माझी आणि पीठ ह्यांचं. आणि आकडा मोठा कोणाचा? ह्यांचा — माझ्या जवळजवळ दुप्पट. मला घास गिळवेना हो.

मग काय करणार? — कोणाला बोलू नका हं — महिन्याच्या बाटल्या घरी आल्या की हे दुपारी जरा आडवे होतात. तेवढ्यात ह्यांच्या गोळ्या माझ्या बाटलीत, माझ्या ह्यांच्या बाटलीत. दोन मिनिटांचं काम. चूक आहे, कळतं मला, डॉक्टर बिचारे एवढ्या कष्टाने सगळं टिपून घेतात — पण माणूस माझा आहे ना. चार महिने झाले बघा.

आणि आता गंमत ऐका. आज माझा आकडा उतरला, चांगला तीनने — पीठ खाऊन! आणि ह्यांचा गेल्या वेळी जागचा हलला नव्हता. असलं कसलं औषध? बरं, माझी खाज तरी थांबावी — ती तशीच, हे बघा तळहात. पिठाने कधी खाज येते का, तुम्हीच सांगा. नाही ना? आणि बाटल्यांना माझ्याशिवाय हात कोण लावणार? कोणी नाही. हे तर स्वतःचा कप उचलून ठेवत नाहीत — म्हणजे हल्ली औषधांचं कपाट आवरतात, तेवढंच. बाटल्या आणल्या त्याच संध्याकाळी. मला म्हणतात, तू जा, पाय मोकळे करून ये, मी आवरतो. इतकं कौतुक वाटलं मला, बहिणीला फोन करून सांगितलं की एकतीस वर्षांनी नवरा कामाला लागला — आणि दुपारी झोपतात तेही इतके शांत, एरवी घोरण्याने भिंत हलते, पण त्या दिवशी मात्र अगदी —

थांबा.

म्हणजे डॉक्टरांच्या वहीत सगळं बरोबरच लिहिलंय. मी बदलायचं आणि ह्यांनी गुपचूप परत जागच्या जागी करायचं. मला औषध मिळावं म्हणून चार महिने हा माणूस पीठ खातोय. राग येतोय मला. इतका राग येतोय की डोळ्यांत पाणी आलंय, बघा.

तुमचा नंबर पुकारला, ताई. जा — श्वास रोखून धरू नका, आणि आत गेलात की दार लोटून घ्या. हे येतायत बघा, शर्टाची बटणं लावत, काही केलंच नाही असा चेहरा करून. जा तुम्ही. मला ह्यांच्याशी बोलायचंय.