तिसऱ्यांदा परत

"तुम्ही लोकांनी या मुक्या जिवाला तिसऱ्यांदा फसवलंत!"

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या शिंपिणीने दचकून मान वळवली. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणारी आजी कुत्र्यांना दत्तक देणाऱ्या संस्थेच्या मॅडमवर कडाडली होती.

"आजी, हळू. घर चांगलं होतं. मोठं अंगण होतं."

"अंगण काय चाटायचंय? साखळीने मान सोलवटून निघालीय त्याची!"

"दुसरं घर शोधतोय ना. तोवर तुमच्याकडेच राहू दे."

"मग कायमचाच द्या की मला."

"नियमात बसत नाही. तुम्ही सत्तरीच्या पुढे आहात."

"जखमा धुवायला बरं माझं वय चालतं!"

"उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"तर येईल परत तुमच्याकडे. तीनदा आला, तो काय कुणी मेलं म्हणून आला? बोला की!"